तीन गनच्या चार्जरमागे वीस लाख घालावेत का?

पत्राचा आशय: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका वाचकांचा वडिलोपार्जित टॉवेलचा कारखाना आहे. चोवीस मागांपैकी सध्या चौदाच चालतात, त्यामुळे ४० एचपीच्या मंजूर भारातला बराचसा पडून आहे. पुणे महामार्गावर मोहोळजवळ त्यांच्या मेहुण्यांचं हॉटेल आहे आणि गाड्या लावायला मोकळी जागाही भरपूर. एका विक्रेत्याने त्यांना सीसीएस-२, चाडेमो आणि टाइप-२ अशा तीन गनचा (गन म्हणजे गाडीला लावायचं केबलचं टोक, तिचे हे तीन प्रकार) ६० किलोवॅटचा चार्जर सुचवला आहे. मशीनचे साडेतेरा लाख, जोडणी-केबल-शेडचे साडेसहा, एकूण वीस लाख. विक्रेता म्हणतो, ‘सगळ्या पद्धतीच्या गाड्या चालतात, एकही गिऱ्हाईक परत जाणार नाही. रोज ३०० युनिट, युनिटमागे १० रुपये, बावीस-तेवीस महिन्यांत पैसे मोकळे.’ बँक पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे. वडिलांचं म्हणणं, त्यापेक्षा मुदत ठेव बरी. वाचक विचारतात: घ्यावा का? आणि बसवायचा तर हॉटेलवर की कारखान्याच्या शेडमध्ये?

नमस्कार.

हे मशीन या किमतीला घेऊ नका. चार्जिंगच्या धंद्यात उतरूच नका असं मात्र मी म्हणणार नाही. तुमच्याकडे दोन जागा आहेत आणि दोन्हींचा उपयोग होऊ शकतो, फक्त दोन्हींसाठी वस्तू वेगळी लागेल.

‘सगळ्या पद्धतीच्या गाड्या’ हे वाक्य आलं कुठून, ते आधी पाहू. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने सार्वजनिक चार्जिंग केंद्रासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत पाच प्रकार ठेवणं आवश्यक होतं: सीसीएस, चाडेमो, टाइप-२ एसी, भारत डीसी-००१ आणि भारत एसी-००१. कोणत्या गाड्या बाजारात टिकतील ते तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. पण ऑक्टोबर २०१९ मध्येच ती सक्ती सैल झाली आणि कुठला चार्जर लावायचा ते केंद्र चालवणाऱ्यावर सोडलं गेलं. तरी बहुगन मशीनची विक्री त्या जुन्या यादीच्या पुण्याईवर अजून चालूच आहे.

आता एकेक गन बघा. चाडेमो जपानी पद्धत. आज आपल्या शोरूममध्ये विकायला असलेल्या एकाही चारचाकीला ती लागत नाही, म्हणजे त्या गनचे पैसे सरळ वाया. भारत डीसी-००१ म्हणजे चिनी जीबी/टी पद्धतीची १५ किलोवॅटची गन. ती ई-व्हेरिटो आणि पहिल्या पिढीच्या टिगोर ईव्हीसारख्या ७२ व्होल्टच्या गाड्यांसाठी होती. तुम्हाला ती सुचवलेली नाही, पण उद्या दुसरा कुणी सुचवेल म्हणून सांगते: सीसीएस-२ साठीची मॉड्यूल, म्हणजे वीज बदलून देणारे आतले भाग, साधारण २०० ते १००० व्होल्टवर काम करतात. त्यांतून ७२ व्होल्टच्या गाडीला वीज देता येत नाही. त्यासाठी त्याच कपाटात कमी व्होल्टचं, पण २०० अँपिअर देणारं वेगळं मॉड्यूल बसवावं लागतं. बाहेरून एकच पेटी दिसते, आत दोन चार्जर असतात आणि पैसे दोन्हींचे लागतात.

टाइप-२ ची २२ किलोवॅटची एसी गन कागदावर छान दिसते. पण डीसी गन बॅटरीला थेट वीज देते, तर एसीवर चार्जिंगचा वेग गाडीतला चार्जर ठरवतो आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो ३.३ किंवा ७.२ किलोवॅटचा असतो. २२ ची गन लावली तरी गाडी ७.२ च घेणार. ३० युनिटची बॅटरी भरायला चार तास. महामार्गावरच्या हॉटेलात चार तास कोण बसतं? एमजी कॉमेटसारख्या गाडीला डीसी चालतच नाही, तिच्यासाठी एसीची सोय हवी हे खरं. पण त्याला ७.४ किलोवॅटची भिंतीवरची एक साधी पेटी पुरते.

उरली सीसीएस-२. नेक्सॉन, पंच, विंडसर, क्रेटा इलेक्ट्रिक, बीवायडी, महिंद्राच्या नव्या गाड्या, सगळ्या याच गनवर येतात. हॉटेलवरची तुमची कमाई या एका गनवरच आहे.

आता विक्रेत्याचा हिशेब. खालचे आकडे मी हिशेबापुरते धरले आहेत, तुम्ही त्यात महावितरणच्या ताज्या दरपत्रकातले भरा. चार्जिंगच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे गिऱ्हाइकाकडून २१.२४ रुपये घेतले, तर हातात १८ उरतात. वीजबिलावर जीएसटी नसल्यामुळे त्याचं क्रेडिटही मिळत नाही. ईव्ही चार्जिंगसाठी महावितरणची वर्गवारी वेगळी आहे. तिचा दर, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क असं सगळं मिळून युनिट साडेनऊ रुपयांना पडलं असं धरू. मशीनमध्ये पाच-सहा टक्के वीज उष्णतेत जाते, त्यामुळे गाडीत गेलेलं युनिट तुम्हाला १०.१० ला पडतं. चार्जर शोधायचं आणि पैसे भरायचं ॲप चालवणाऱ्या कंपनीचे दहा टक्के, म्हणजे १.८० रुपये. उरले सहा. विक्रेत्याने दहा सांगितले होते.

शिवाय एकही गाडी आली नाही तरी द्यावाच लागणारा खर्च असतो. मागणी आकार (भारानुसार लागणारा ठरावीक वीज आकार), देखभालीचा वार्षिक करार, सिम व सॉफ्टवेअर, विमा, रात्रीच्या माणसाचा वाटा, असे मिळून महिना २२,००० धरा. वीस लाखांचा हप्ता ११ टक्क्यांनी साधारण ४३,५००. एकूण साडेपासष्ट हजार. सहा रुपयांनी भागलं तर महिन्याला १०,९०० च्या वर युनिट विकावी लागतात, म्हणजे रोज ३६४. एक गाडी सरासरी २० युनिट घेते असं धरलं तर रोज अठरा गाड्या, पावसाळ्यातल्या मंगळवारीसुद्धा. विक्रेता म्हणतो तशी ३०० युनिट खरोखर गेली, तरी महिन्याला साडेअकरा हजार तुम्हाला टॉवेलच्या धंद्यातून इकडे घालावे लागतील.

एक गोष्ट त्याला विचारा: या मशीनच्या दोन गन एकाच वेळी चालतात का? बऱ्याच तीन गनच्या मशीनमध्ये एका वेळी एकच डीसी गन चालते. वीस युनिट भरायला सरासरी चाळीस मिनिटं धरली तर अठरा गाड्यांना बारा तास लागतात, आणि गाड्या काही रांगेत टोकन घेऊन येत नाहीत. जेवणाच्या वेळी तिघे एकदम येतात, दुपारी चारला कुणीच नसतं.

मग मोहोळला काय लावावं? आधी रस्ता समजून घ्या. पुणे-सोलापूर सुमारे २५० किलोमीटर. छोट्या बॅटरीची गाडी पुण्याहून निघाली की इंदापूर-टेंभुर्णीच्या पट्ट्यातच चार्जर शोधते. मोहोळला पोचेपर्यंत सोलापूर ३५ किलोमीटरवर आलेलं असतं. घरी चार्जर असलेला सोलापूरकर तिथे थांबणार नाही. तुमचं गिऱ्हाईक वेगळं आहे: हैदराबादकडे जाणारा, तुळजापूर-अक्कलकोट-गाणगापूर करणारा आणि सोलापुरात घर नसणारा. तो खरोखर थांबतो, आणि थांबला की जेवतो.

त्याच्यासाठी ३० किलोवॅटची एक सीसीएस-२ गन आणि शेजारी ७.४ किलोवॅटची एसी पेटी, इतकी सुरुवात पुरेशी आहे. मशीन, जोडणी, केबल, शेड धरून सात लाख म्हणू. हप्ता सव्वापंधरा हजार. हॉटेलचीच माणसं लक्ष ठेवतील, म्हणून महिन्याचा खर्च दहा हजारांवर येतो. सव्वापंचवीस हजारांना सहाने भागलं तर दिवसाला १४० युनिट, म्हणजे सात गाड्या. अठरा आणि सात यांत धंदा चालणं आणि न चालणं एवढा फरक आहे.

३० किलोवॅट हळू नाही का होणार? काही गाड्यांना होईल. महिंद्राच्या ७९ युनिट बॅटरीच्या गाड्या १७५ किलोवॅटपर्यंत घेऊ शकतात, त्यांचा मालक ३० वर वैतागेल. पण टिआगो ईव्ही किंवा जुनी नेक्सॉन ६० च्या गनला लावली तरी ती त्याच्या निम्म्याच्या आसपासच ओढते. ८० टक्क्यांनंतर तर सगळ्याच गाड्या वेग कमी करतात. शिवाय पाऊण तासात शेंगाचटणी, कडक भाकरी नि भाजी व्यवस्थित खाऊन होते. एका गाडीमागे हॉटेलला दोनशे रुपये सुटले तर ती रक्कम २० युनिटवरच्या १२० रुपयांपेक्षा जास्त आहे. म्हणून मेहुण्यांशी आधी बोला. मशीन तुमचं, जागा त्यांची आणि जेवणाचा नफा त्यांचा, असं राहिलं तर हप्ता तुम्ही भराल आणि वाढलेलं गिऱ्हाईक त्यांचं होईल. वाटणी स्टॅम्पपेपरवर येऊ द्या. घरच्याच माणसांत हे लिहून ठेवायला संकोच वाटतो, पण दोन वर्षांनी तोंड फिरवायची वेळ येण्यापेक्षा ते बरं.

मागणी दिसली की ६० किलोवॅटची दोन गनची पेटी घ्या, पण दोन्ही गन सीसीएस-२ हव्यात आणि वीज आपोआप वाटून घेणाऱ्या: एक गाडी असेल तर तिला ६०, दोन आल्या तर ३०-३०. एक गन बिघडली तर दुसरी चालते. त्यासाठी आत्ताच केबलचा पाइप मोठा टाका आणि पायाही मोठा बांधा. पुढे खोदकाम वाचेल. भार किती वाढवून मिळेल आणि रोहित्राचा खर्च कुणाचा, हे मशीनची आगाऊ रक्कम देण्यापूर्वी महावितरणकडून लेखी घ्या. मशीन आलं आणि वीज नाही, असं झालं की पहिला हप्ता उत्पन्नाच्या आधी सुरू होतो. हॉटेलला महामार्गावरून आत यायची रीतसर परवानगी आहे का, तेही तेव्हाच तपासा.

आता शेडकडे. मंजूर भार पडून आहे, तोच चार्जरला वापरू, हा विचार अगदी स्वाभाविक आहे आणि नेमका तोच धोक्याचा आहे. ती जोडणी यंत्रमागासाठी आहे. त्यावर गाड्या चार्ज करून पैसे घेतले तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. ईव्हीसाठी वेगळी जोडणी, वेगळं मीटर घ्या. एमआयडीसीचा भूखंड भाडेपट्ट्याचा असतो, तेव्हा वापर बदलण्याबद्दल त्यांनाही विचारावं लागेल.

तिथे डीसी गन नकोच. एमआयडीसीत मालाच्या तीनचाकी फिरतात. त्यांना रात्री सुरक्षित उभं राहायला जागा आणि एक सॉकेट हवं असतं. महिंद्रा ट्रिओची बॅटरी ७.३७ युनिटची, १६ अँपिअरच्या सॉकेटवर चार तासांच्या आत भरते. निळ्या औद्योगिक सॉकेटचे ३.३ किलोवॅटचे दहा पॉइंट, प्रत्येकाला वेगळं आरसीबीओ (गळती किंवा जादा भार झाला की वीज तोडणारा स्विच), मोजणीची सोय, वायरिंग आणि पॅनेल मिळून दोन लाख धरा. दहा गाड्या, रोज सात युनिट, महिन्याचे २६ दिवस म्हणजे १,८२० युनिट. युनिटमागे तीन रुपये आणि जागेचं भाडं गाडीमागे ५००, मिळून साडेदहा हजारांच्या आसपास. हप्ता ४,३५० चा. मागणी आकार आणि राखणदाराचा वाटा गेला तरी थोडं उरतं आणि धोका कमी. पाच गाड्या रात्री नऊला आणि पाच रात्री एकनंतर सुरू होतील असं टायमर लावा, म्हणजे ३३ किलोवॅटऐवजी निम्म्या भारात भागतं. तुमच्या कारखान्यातून माल नेणाऱ्या ड्रायव्हरांनाच आधी विचारा. तिघांनी हो म्हटलं तर तीन पॉइंटने सुरुवात करा.

खऱ्या अर्थाने बहुपद्धतीचा चार्जर कुठे शोभतो, तर इथे. दुचाकींसाठी आयएस १७०१७-२-६ या भारतीय मानकाची एसी-डीसी एकत्र असलेली कनेक्टर पद्धत आहे, एथर आणि हिरो विडा तीच वापरतात. तसा एखादा पॉइंट सॉकेटांच्या शेजारी लावायला हरकत नाही. पण दुचाकीवाला बहुधा घरीच चार्ज करतो. त्याच्या भरवशावर कर्ज काढू नका.

पैसे अजिबात गुंतवायचे नसतील तर तिसरा मार्ग आहे: जागा चार्जिंग कंपनीला द्या आणि युनिटमागे वाटा किंवा ठरलेलं भाडं घ्या. करारात चार गोष्टी बघा. मुदत तीन वर्षांच्या वर नको. युनिट कमी गेली तरी किमान रक्कम मिळावी. वीजजोडणी कंपनीच्या नावाने असावी. मशीन महिनाभर बंद राहिलं तर करार मोडता यावा. बंद मशीन जागा अडवतं आणि त्यामुळे ॲपवर हॉटेलचंच नाव खराब होतं.

अनुदानाचं म्हणाल तर केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटींची तरतूद आहे, पण ती सरकारी खाती आणि कंपन्यांमार्फत येते. मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत हिशेबात त्याची किंमत शून्य धरा.

मशीन कुठलंही घ्या, कोटेशनवर काही गोष्टी लिहून घ्याच. एआरएआय किंवा आयकॅट या चाचणी संस्थांचं प्रमाणपत्र त्याच मॉडेलचं हवं, ‘त्याच मालिकेतलं’ नको. ओसीपीपी १.६ (मशीन आणि ॲप यांच्या संवादाची पद्धत) खुलं हवं, म्हणजे उद्या ॲपवाली कंपनी बदलली तरी मशीन चालेल. गन-केबल आणि मॉड्यूलची सुटी किंमत आजच ठरलेली हवी, कारण सर्वांत आधी खराब होते ती गनच: जमिनीवर पडते, कडी तुटते, कधी चाकाखाली येते. किती तापमानापर्यंत पूर्ण वीज मिळते, याचा आलेख मागा. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो आणि उन्हातल्या कपाटात तो त्याहून बराच चढतो. मग मशीन स्वतःला वाचवायला वेग कमी करतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं चार्जर खोटा आहे. वर पत्र्याची सावली, मागे दोन फूट मोकळी हवा आणि दर पंधरा दिवसांनी एअर फिल्टरची सफाई एवढं केलं तर अर्ध्या तक्रारी येणारच नाहीत.

जमीन काळी असेल तर तिच्यावर थेट पाया घालू नका. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि कपाट तिरकं होतं. काळी माती काढून मुरूम भरा, ठोकून घ्या, मग जमिनीपासून फूटभर वर काँक्रीटचा ओटा. अर्थिंगचे किमान दोन स्वतंत्र खड्डे घ्या आणि उन्हाळ्यात त्यांत पाणी घालायला माणूस नेमून द्या. कोरड्या मातीत अर्थिंगचा रोध वाढला की मशीन ‘ग्राउंड फॉल्ट’ दाखवून बंद पडतं, आणि तंत्रज्ञ पुण्याहून यायला दोन दिवस लागतात. ३० किलोवॅटला ४१५ व्होल्टवर साधारण ४५ अँपिअर लागतात, तेव्हा ६३ अँपिअरचा एमसीसीबी, म्हणजे मुख्य सुरक्षा स्विच. ६० ला नव्वदच्या आसपास, तेव्हा १२५ चा. केबलची जाडी मात्र अंतर मोजून परवानाधारक कंत्राटदारालाच ठरवू द्या. केबलची भोकं फोमने बुजवा. पाली आत शिरून कार्डावर बसतात आणि एका पालीपायी मशीन जळतं.

हे सगळं नंतर. आधी आठवडाभर हॉटेलच्या गल्ल्यावर एक वही ठेवा. इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी असते. खासगीवर पांढरी अक्षरं, भाड्याच्या गाडीवर पिवळी. हॉटेलात शिरणारी प्रत्येक हिरवी पाटी वेळेसकट लिहा. जेवण होईपर्यंत मालकाला तीन प्रश्न विचारा: कुठून कुठे, बॅटरी किती टक्क्यांवर आली, इथे चार्जर असता तर लावला असता का. सोमवार ते रविवार असे सात दिवस, शिवाय एक पौर्णिमा किंवा जोडून सुट्टी आली तर तीही, पण वेगळ्या पानावर. कारण तुळजापूरच्या गर्दीचा दिवस आणि एरवीचा बुधवार यांची सरासरी काढली की हिशेब फसतो.

साध्या दिवशी ‘हो’ म्हणणारे दहाच्या वर गेले तर ३० किलोवॅटची ऑर्डर द्या. म्हणणारे सगळेच लावत नाहीत, म्हणून सातासाठी दहा. चार-पाचच निघाले तर यंदा फक्त ७.४ ची एसी पेटी लावा, शेडमध्ये तीन सॉकेट घाला आणि उरलेली रक्कम वडील म्हणतात तशी ठेवीत राहू द्या. सहा महिन्यांनी तीच वही पुन्हा उघडा.